कथलाची ताटं

संसारात नवऱ्याचे उपकार मोजायची आपल्याकडे रीत नाही, आणि मला ते मोजायचेही नाहीत. पण एक ऋण लिहून ठेवावंसं वाटतं, कारण ते माझ्या घरसंसाराचं नाही, माझ्या शिक्षकीचं आहे. मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. सनावळ्या चोख, नकाशे चोख, निकालही चांगला. पण एखादी वस्तू घडते कशी आणि घडवणाऱ्याला त्यासाठी काय काय यावं लागतं, हे विचारायची बुद्धी मला फार उशिरा झाली. ती ह्यांच्यामुळे झाली, आणि तीही फ्लॉरेन्सच्या रस्त्यांवर, पाय दुखेपर्यंत केलेल्या एका दिवसाच्या भटकंतीत.

लग्न झालं तेव्हा हे कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत पॅटर्नमेकर होते. घराणं सुताराचं. लाकडाचा पॅटर्न करायचा, त्यावर वाळू ठोकून साचा उठवायचा आणि साच्यात रस ओतायचा, असं ते काम. लोखंडाचा रस गार होताना आकसतो, मीटरमागे साधारण सेंटिमीटरभर. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो. त्यासाठी ह्यांच्याकडे एक वेगळी मोजपट्टी असे, तिच्यावरचा प्रत्येक सेंटिमीटर कणभर मोठा. एकदा घाईत मी तीच पट्टी मुलाच्या दप्तरात घातली आणि त्याच्या भूमितीच्या सगळ्या आकृत्या चुकल्या. घरात हशा पिकला. पट्टी अशी का, हे मात्र मी तेव्हा विचारलं नाही. मला ते बऱ्याच वर्षांनी कळलं.

स्टाफरूममध्ये कोणी विचारलं तर ‘इंजिनिअरिंग लाइनमध्ये आहेत’ एवढंच मी सांगायची. ते खोटं नव्हतं. पण ओतकाम हा शब्द मी टाळत होते, हे मला ठाऊक होतं.

दरवर्षी मुलांना टाउन हॉलच्या संग्रहालयात न्यायची. ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेला पोसायडनचा छोटा पुतळा हा माझा आवडता मुक्काम. ग्रीकांचा समुद्रदेव, रोमशी चालणारा व्यापार, सातवाहन काळ, सगळं मी रंगवून सांगायची. एका वर्षी सहलीला माणसं कमी पडली म्हणून हे बरोबर आले होते. माझं बोलून झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, “भरीव हाय का पोकळ?” मुलांसमोर हे काय विचारणं, असं वाटून मी विषय बदलला. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. तशी त्यांची सवयच नाही.

मुलगा जर्मनीत नोकरीला लागला आणि आम्ही दोघं त्याच्याकडे गेलो. इटली माझ्या हट्टाने ठरली. मुक्काम बोलोन्यात स्वस्त मिळाला, त्यामुळे फ्लॉरेन्सच्या वाट्याला एकच दिवस आला. मी वहीच्या पानावर वेळा टाकून यादी केली होती. सान्ता मारिया नोव्हेल्ला स्टेशनातून बाहेर पडलो तेव्हा ती वही माझ्या हातात होती आणि पाण्याची बाटली, चपात्यांचा डबा, छत्री हे सगळं ह्यांच्या पाठीवर.

पहिला थांबा बाप्तिस्तेरीचं, म्हणजे बाप्तिस्मा देण्याच्या इमारतीचं, पूर्वेकडचं दार. मी वहीतलं वाचायला लागले : लोरेंझो गिबेर्ती, १४२५ ते १४५२, दहा चौकटी, मायकेलअँजेलोने ह्याला स्वर्गाचं दार म्हटलं अशी आख्यायिका. ह्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “हे मूळ हाय?” मूळ नव्हतं, प्रतिकृती होती. खरं दार कॅथीड्रलमागच्या संग्रहालयात काचेआड ठेवलंय. १९६६ च्या नोव्हेंबरमध्ये आर्नो नदीला पूर आला तेव्हा त्यातल्या पाच चौकटी निखळून पडल्या होत्या. पुढे दुरुस्तीला पाव शतकाहून जास्त काळ गेला. तिथे गेल्यावर मी आदम, नोहा, दावीद ओळखत होते आणि हे उकिडवे बसून चौकटीची कड बघत होते. पहारेकरी दोनदा येऊन गेला. “मागची बाजू दाखवत न्हाईत का?” एवढीच त्यांची तक्रार.

कॅथीड्रलच्या घुमटावर ते एकटेच गेले. ४६३ पायऱ्या माझ्या गुडघ्यांना झेपणाऱ्या नव्हत्या. खाली आल्यावर घाम पुसत म्हणाले, “विटा आडव्या लावता लावता मधीच उभ्या घातल्यात. म्हंजे ओली वीट घसरत न्हाई.” ब्रुनेल्लेस्कीने खालून लाकडी आधार न देता, १४२० ते १४३६ या काळात हा घुमट उभा केला, हे मी किती वर्गांना शिकवलं असेल. आधार नाही तर विटा पडल्या कशा नाहीत, असं मला एकाही वर्षी वाटलं नव्हतं.

मग बार्जेल्लोचं संग्रहालय. माझ्या यादीत त्याला पाऊण तास होता, तिथे आम्ही दुपार केली. १४०१ मध्ये बाप्तिस्तेरीच्या दारासाठी स्पर्धा झाली. विषय एकच, अब्राहम आपल्या मुलाचा बळी द्यायला निघतो तो प्रसंग. गिबेर्ती आणि ब्रुनेल्लेस्की दोघंही मुळात सोनारकाम शिकलेले. त्यांच्या दोन्ही चौकटी इथे शेजारी शेजारी आहेत. काम गिबेर्तीला मिळालं. वर्गात मी सांगायची, त्याची रचना अधिक डौलदार होती म्हणून. तसं पुस्तकात होतं.

हे बराच वेळ एकीवरून दुसरीकडे बघत राहिले. मग म्हणाले, “ह्यानं तुकडं वेगळं वतून पाटीवर बसवल्यात. आन् ह्यानं जवळजवळ एका वतीत काढलंय.” मी वहीत बघितलं. खरंच होतं. गिबेर्तीची चौकट बरीचशी एकसंध, मागून पोकळ आणि ब्रुनेल्लेस्कीच्यापेक्षा सुमारे सात किलो हलकी. सात किलो ऐकून हे हसले. आमच्याकडे कास्टिंग किलोवर विकतात, तिथे हलका जिंकला होता. पण मग त्यांनी मला समजावून सांगितलं, आणि आमच्या इतक्या वर्षांच्या संसारात मी पहिल्यांदाच त्यांच्या कामाबद्दल मधे न बोलता ऐकलं. पोकळ काढायचं तर धातूची भिंत सगळीकडे सारखी ठेवावी लागते. एका जागी जाड, एका जागी बारीक झाली की बारीक भाग आधी गोठतो, जाड भाग मागून आकसतो आणि तडा जातो. ब्राँझ महाग, म्हणून वाचवलेला प्रत्येक किलो म्हणजे पैसा. पण तो वाचवण्यासाठी ओतण्याच्या आधीच सगळं डोक्यात तयार असावं लागतं. “हे ज्याला जमलं त्येला दार द्यायलाच पायजे हुतं,” ते म्हणाले. पंचांनी नेमकं काय तोललं असेल ते असो. मला कळलं ते एवढंच, की मी शिकवत होते तो निम्मा निकाल होता.

चपात्या आम्ही एका कट्ट्यावर बसून खाल्ल्या. उफ्फित्सी कलादालनाची रांग बघून मी यादीवर काट मारली. बोत्तिचेल्ली राहिला याची हळहळ अजून आहे, नाही म्हणत नाही.

पलीकडे लॉज्जा देइ लान्झीच्या कमानीखाली चेल्लिनीचा पर्सियस उभा आहे, एका हातात तलवार, दुसऱ्यात मेदूसाचं मुंडकं. १५५४ मध्ये तो लोकांसमोर आला. चेल्लिनीने आपल्या आत्मचरित्रात त्याच्या ओतकामाची हकिगत लिहिली आहे. ती मला गोष्ट म्हणून पाठ होती आणि मी ह्यांना सांगितली. ऐन वेळी तो तापाने फणफणलेला, कारखान्याच्या छपराला आग लागलेली, वरून पाऊस-वारा. तो अंथरुणाला टेकला तेवढ्यात भट्टीतला रस गठला. उठून त्याने भट्टीत ओकची लाकडं सारली आणि घरातली ताटं-वाट्या, सुमारे २०० नग, एकामागून एक रसाकडे सोडली.

“कशाची ताटं?” ह्यांनी विचारलं.

“कथलाची.”

हे पायरीवर बसले. कथील घातलं की ब्राँझचा रस पातळ होतो आणि कमी तापावरही वाहतो, हे त्यांनी मला सांगितलं. मला आजवर ती ताटं म्हणजे एका तिरसट कलावंताचा आततायीपणा वाटत होती. मग मी राहिलेलं सांगितलं : एवढं करून पुतळा उतरला, फक्त उजव्या पायाची बोटं भरली नाहीत, आणि तो पाय दगा देईल हे चेल्लिनीने ड्यूक कोसिमोला आधीच सांगून ठेवलं होतं. “तोंडापास्नं लांब असणार त्यो पाय,” हे म्हणाले. “रस पोचेस्तवर गार झाला.”

थोड्या वेळाने त्यांनी मला एका रात्रीबद्दल सांगितलं. मुलगा लहान होता तेव्हाची रात्र. वीज गेली होती, भट्टी भरलेली होती, रस गोठला असता तर भट्टीच फुकट गेली असती. सगळ्यांनी मिळून अंधारात तो रस जमिनीवर वाळूत सोडला. पहाटे ते घरी आले तेव्हा मी, कळवलं का नाहीस, म्हणून भांडले होते. ते फक्त “रस गठला” म्हणाले होते आणि झोपले होते. ते दोन शब्द मी ऐकले होते. चेल्लिनीच्या पुस्तकात तीच गोष्ट भेटली तेव्हा मी ती टिपून घेतली, वर्गात सांगितली, मुलांनी टाळ्या दिल्या.

पोन्ते वेक्कियोवरून आम्ही जवळजवळ पळतच गेलो. १३४५ चा पूल, आधी खाटकांची दुकानं, १५९३ पासून सोनारांची. ह्यांना कोल्हापूरच्या गुजरीची आठवण झाली, मला भाव बघून घाम फुटला.

शेवटचा थांबा मात्र ह्यांच्या आग्रहाचा होता. शहराच्या पश्चिमेला काश्शिने बागेच्या पार टोकाला, मुन्योने नदी आर्नोला मिळते तिथे, आपल्या कोल्हापूरच्या राजाराम महाराजांची छत्री आहे. १८७० मध्ये ते युरोप बघायला गेले, इंग्लंड पाहून परतताना ३० नोव्हेंबरला फ्लॉरेन्समध्ये वारले. वय अवघं २०. दहन या संगमावर झालं. १८७४ मध्ये छत्री उभी राहिली. तिची रचना मेजर मँटची, कोल्हापूरचा टाउन हॉल आणि नवा राजवाडा ज्याने बांधला त्याचीच. शेजारच्या मोठ्या पुलालाही लोक ‘भारतीयाचा पूल’ अशाच अर्थाचं नाव देतात. टॅक्सीवाला तिथलं नाव ऐकताच निघाला.

इथे मला सांगण्यासारखं होतं आणि ह्यांना ऐकायचं होतं. महाराजांनी प्रवासाची रोजनिशी ठेवली होती, ती १८७२ मध्ये छापून निघाली. दिवसाला किती ठिकाणं बघत, कोणाकोणाला भेटत, हे त्यात आहे. “आपल्यासारखीच पळापळ की,” हे म्हणाले, आणि चपला काढून छत्रीला नमस्कार केला.

परत आल्यावर युरोपातल्या प्रबोधनाचा धडा मी वेगळा शिकवू लागले. मुख्याध्यापकांची परवानगी काढून वर्ग शिरोलीला फाउंड्रीत नेला. तिथे मी गप्प बसले आणि हे बोलले. मातीत बसून त्यांनी मुलांकडून वाळू ठोकून घेतली, साचा कुठे ढासळतो ते दाखवलं. माझ्याच वर्गातल्या एका मुलाचे वडील तिथे मोल्डर होते. वर्षभर त्याने ते कुणाला सांगितलं नव्हतं. त्याने असं का केलं असेल, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्या दिवशी वडिलांच्या शेजारी उभं राहून त्याने सगळ्यांना रस ओतायच्या वाटा, हवा जायची भोकं, एकेक नावानिशी सांगितलं. मला निम्मी नावं नवीन होती. ती मी वहीत उतरवून घेतली आणि रात्री ह्यांच्याकडून तपासून घेतली. तीन चुकली होती.