दारू, तराजू आणि नेम

गेल्या शनिवारी सकाळी आईचा फोन आला. "काय करतोयस?" मी सवयीने खरं ते सांगून टाकलं, "दारू मोजतोय." पलीकडे शांतता. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मी घाईघाईने म्हटलं, "अगं बंदुकीची, बंदुकीची!" त्याने आईला हायसं वाटलं असेल असं काही मला वाटत नाही. असो.

तर मंडळी, आजचं पुराण या दारूचंच. मी राहतो पेनसिल्व्हेनियात. इथे थँक्सगिव्हिंग संपलं की रायफलने हरीण मारायचा सीझन सुरू होतो. पूर्वी तो सोमवारी सुरू व्हायचा आणि गावाकडच्या बऱ्याच शाळांना त्या दिवशी चक्क सुट्टी असायची. २०१९ पासून तो शनिवारीच सुरू होतो. आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानंतर शिकार हा पेपरात येणारा गुन्हा झाला, आणि इथे शेजारी विचारतो, "यंदा फ्रीजर भरला का?" पहिली काही वर्षं मी नुसता ऐकून घ्यायचो. ग्रीन कार्ड आलं, जरा स्थिरस्थावर झालो, आणि मग शेजारच्या आजोबांनी (रिटायर्ड मशिनिस्ट, वय पंच्याहत्तरच्या पुढे, बोलणं मोजकं) मला एकदा सोबत नेलं. मटण मी आधीपासून खातोच, मग ते कोणी मारलं हे न बघण्यात कसलं पुण्य, असा मी स्वतःशी युक्तिवाद केला. तो अजूनही मला पूर्ण पटलेला नाही, पण तो वेगळा विषय.

आजोबा काडतुसं घरी भरतात. वाजवलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी टाकून द्यायची नाही. ती साफ करायची, प्रेसमध्ये डाय लावून पुन्हा मापात आणायची, नवा प्रायमर बसवायचा, दारू तोलून घालायची आणि वर गोळी बसवायची. बाजारचं काडतूस कुठल्याही रायफलमध्ये चालेल असं बनवलेलं असतं. घरचं आपल्या एकाच रायफलच्या मापाचं करता येतं. रेडिमेड शर्ट आणि शिंप्याकडचा शर्ट म्हणा ना.

आता हे एका सॉफ्टवेअरवाल्याच्या हातात दिल्यावर काय होणार? एक्सेल शीट! दारू ग्रेनमध्ये मोजतात. सात हजार ग्रेन म्हणजे एक पाउंड, म्हणजे ग्रेनचा दहावा भाग साधारण साडेसहा मिलिग्रॅम. मी त्या दशांशाच्या मागे लागलो. दारूची आठ वेगवेगळी वजनं, प्रत्येकाची तीन काडतुसं, शंभर यार्डांवर कागद. (प्रत्यक्ष आकडे इथे देणार नाही. ते छापील मॅन्युअलमधूनच घ्यायचे आणि खालच्या टोकापासून सुरुवात करायची. यात हुशारी चालत नाही, बंदूक तोंडासमोर फुटते.) आठांपैकी एका वजनाने तीनही गोळ्या एकमेकींना जवळजवळ चिकटवल्या. सर्वांत लांबच्या दोन भोकांमधलं अंतर ०.६ इंच. मी फोटो काढला, डब्यावर ते वजन लिहिलं आणि त्याच मापाची पन्नास काडतुसं भरून टाकली. आजोबांना फोटो दाखवला. ते म्हणाले, "छान. पुन्हा मारून बघ." मी मारून बघितलं नाही. कशाला? शीटमध्ये हिरवा रंग आला होता ना.

तीन वर्षांपूर्वीच्या सीझनला माझ्यापासून सव्वाशे यार्डांवर एक मादी आली. मी झाडाला खांदा टेकवून उभा होतो. नेम धरला, बार काढला. हृदय-फुफ्फुसाचा भाग ताटाएवढा, आठ-नऊ इंचांचा असतो. माझी गोळी त्याच्या मागे, पोटात गेली. आजोबांनी लगेच पाठलाग करू दिला नाही. अशा वेळी मागे गेलं की जनावर आणखी लांब पळतं. तासन् तास थांबलो. मग पानांवरचा एकेक थेंब शोधत निघालो, आणि ती सापडली तेव्हा अंधार पडला होता. ती तोवर जिवंत होती. आजोबांनी काय ते केलं. मला जमलं नाही.

परत येताना त्यांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. त्यापेक्षा शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या रात्री झोप येईना म्हणून लॅपटॉप उघडला आणि वीस ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. अशी रायफल धरली जिला काडतुसाच्या वजनाने काही म्हणजे काहीच फरक पडत नाही, प्रत्येक गोळी त्याच एका नियमाने इकडेतिकडे पडते. तीन-तीन गोळ्यांच्या ग्रुपची सरासरी येईल १.२ इंच. आता तिला म्हटलं, "आठ वजनं टेस्ट कर." आणि हे हजारो वेळा करायला लावलं. बहुतेक वेळा आठांत एक तरी ग्रुप पाऊण इंचाच्या आत! आणि एखादा दोन इंचांच्या आसपासही. म्हणजे 'चांगलं वजन' आणि 'वाईट वजन' दोन्ही सापडतात, जिथे मुळात दोन्ही नाहीत. मी रायफल टेस्ट केलीच नव्हती, लॉटरीचा निकाल फ्रेम करून ठेवला होता. ऑफिसमध्ये कोणी तीन युजरवर टेस्ट करून असा निष्कर्ष काढला असता तर मी त्याला मीटिंगमध्ये सोलून काढला असता.

आणखी एक गंमत. त्याच रायफलने तीनऐवजी दहा गोळ्या एकाच कागदावर मारल्या तर सरासरी ग्रुप १.९ इंच होतो. रायफल बिघडली का? नाही. जास्त गोळ्या म्हणजे एखादी लांब भरकटायला जास्त संधी. त्यामुळे "माझी रायफल अर्ध्या इंचाची आहे" असं कोणी सांगितलं की पहिला प्रश्न: किती गोळ्यांत?

दारूच्या दशांशाचंही तेच. गोळीच्या वेगात सेकंदाला वीस फुटांचा फरक पडला, तर माझ्या .३०८ मध्ये शंभर यार्डांवर गोळी वर-खाली होते जेमतेम एक मिलिमीटर. हजार यार्डांवर तोच फरक जवळजवळ वीतभर होतो, त्यामुळे लांब पल्ल्याच्या स्पर्धावाल्यांनी त्यासाठी जीव टाकावा हे बरोबर. मी टाकत होतो सव्वाशे यार्डांवरच्या हरणासाठी.

मग सुधारणा कशाने झाली? पहिली, लाज वाटावी इतकी साधी: रायफलची यंत्रणा लाकडाला धरणारा एक स्क्रू किंचित सैल होता. दुसरी, पुंगळीचं माप. मी डाय पार खालपर्यंत दाबत होतो, त्यामुळे तिचा खांदा दर वेळी गरजेपेक्षा जास्त मागे जायचा. अशाने पितळ लवकर थकतं, आणि मागच्या बाजूने पुंगळी तुटण्याचा धोका वेगळा. आजोबांनी गेज देऊन तो इंचाच्या दोन हजारांशांवर आणायला शिकवलं. तिसरी म्हणजे गोळी किती खोल बसवायची ते. तिथेही मॅगझिनची लांबी आडवी येतेच, शिकारीच्या रायफलमध्ये वाटेल तसं करता येत नाही. या सगळ्यानंतर दहा-दहा गोळ्यांचे ग्रुप अडीच इंचांवरून दोनच्या खाली आले. बस्स, एवढंच.

खरी टेस्ट आजोबांच्या वहीत होती. शिकारीच्या रायफलची नळी बारीक असते, दोन-तीन बारांत तापते. आणि हरणावर गोळी सुटते ती थंड नळीतून, पहिलीच. म्हणून ते दर शनिवारी रेंजवर जाऊन आधी एकच बार काढतात. दर आठवड्याला तोच कागद. दहा आठवड्यांनी त्यावर दहा भोकं. मीही तसं केलं. माझा कागद: १.९ इंच, आणि सगळा ग्रुप मधल्या खुणेच्या इंचभर उजवीकडे! हे मला तापलेल्या नळीच्या सुंदर ग्रुपांनी कधीच सांगितलं नव्हतं.

नंतर त्यांनी एक नऊ इंची कागदी ताट शंभर यार्डांवर लावलं आणि म्हणाले, "आता टेबल सोड. झाडाला टेकून उभा राहा, जसा त्या दिवशी होतास." दहापैकी चार ताटाबाहेर गेल्या. काडतुसं तीच होती.

तेव्हापासून माझ्या डब्यावर दारूच्या वजनाखाली आणखी एक ओळ असते: उभ्याने ६० यार्ड, बसून १२०. गेल्या वर्षी उभ्याने ५० होती. यंदा ती ७५ व्हावी म्हणून दर शनिवारी आधी थंड बार, मग ताटं. आईचा फोनही साधारण त्याच सुमारास येतो.