रात्रीचा जामीन

दंतवैद्यकाच्या व्यवसायात ज्या वस्तू आम्ही रुग्णाच्या मुखात बसवितो, त्या बहुतेक टिकाव्यात म्हणूनच बसवितो. दाढेतील चांदी, दातावरची टोपी, कवळी यांचे मोल त्यांच्या आयुर्मर्यादेवरून ठरते, आणि त्या अकाली झिजल्या तर रुग्ण आम्हाला जाब विचारतो, तोही रास्तच. याला अपवाद एकच. झोपेत दात खाणाऱ्या माणसाला रात्री दातांवर चढविण्यासाठी जे नाइट गार्ड करून द्यावे लागते, ते मुळी झिजण्यासाठीच घडविलेले असते. कर्जदाराऐवजी जामिनाने वसुलीस सामोरे जावे, तसे ते दातांवरची वसुली स्वतःवर ओढवून घेते.

ही तक्रार घेऊन रुग्ण आपणहून क्वचितच येतो. झोपलेल्याला स्वतःचा आवाज ऐकू जात नाही. फिर्याद असते ती शेजारी झोपणाऱ्याची. ‘‘अहो डॉक्टर, ह्यांच्या दातांच्या करकरीने मला पहाटेपर्यंत डोळा लागत नाही,’’ असे बाई सांगतात, आणि गृहस्थ ‘‘उगीच काहीतरी सांगते झालं’’ म्हणून हसण्यावारी नेतात. अशा वेळी मी वाद न घालता त्यांच्या दोन्ही गालांवर बोटे ठेवून दात आवळायला सांगतो. चर्वणाचा स्नायू बोटांखाली टणक होऊन वर येतो आणि पुष्कळदा तेथेच दुखरी जागा सापडते. मग तोंड उघडून पाहावे, तर सुळ्यांची टोके सपाट, दाढांचे उंचवटे पुसट, मधोमध दाताच्या आतल्या थराचे पिवळसर दंतिन उघडे पडलेले, गालाच्या आतून दातांच्या रेषेत पांढरी वळी आणि जिभेच्या कडेला दातांचे ठसे. दातावरचे एनॅमल हा मानवी शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ खरा. परंतु ते घडविणाऱ्या पेशी दात उगवताच नाहीशा होत असल्यामुळे, जे एकदा झिजले ते पुन्हा भरून येत नाही.

मूल झोपेत दात खाऊ लागले की जंत झाले असे आमच्या भागात सर्रास म्हटले जाते. मुलांमधील ही सवय बहुधा वयाबरोबर आपोआप सुटते. प्रौढांची गोष्ट वेगळी. गाढ झोप उथळ होऊन क्षणभर जागेपणाकडे वळते, नेमक्या त्याच संधीला जबडा आवळला जातो, असे झोपेच्या अभ्यासकांना आढळून आले आहे. म्हणून जे जे झोप मोडते ते ते दातांवर येते. मनाचा ताण, रात्रीची दारू, तंबाखू, अतिरिक्त चहा, काही औषधे, घोरता घोरता श्वास अडण्याचा विकार, ही सारी त्या मालिकेतली. आमच्याकडे झोप मोडण्याला आणखी एक कारण झाले. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू आणि तलासरी या तालुक्यांत, विशेषतः धुंदलवाडीच्या परिसरात, भूकंपाचे धक्के बसू लागले. १ फेब्रुवारी २०१९ रोजी एकाच दिवसात लागोपाठ धक्के बसले, त्यांतला मोठा ४.१ तीव्रतेचा होता, आणि घाबरून घराबाहेर धावताना एका बालिकेचा अंत झाला. त्या हिवाळ्यात ज्यांनी घर असूनही अंगणात, तंबूत अथवा ताडपत्रीखाली रात्री काढल्या, ज्यांचे कान जमिनीखालच्या गडगडाटाकडे लागून राहिले, त्यांची झोप कोणत्या जातीची असेल हे सांगण्यास वैद्य कशाला हवा? भूकंपाने दात झिजतात असे मी म्हणणार नाही. परंतु सकाळी कानशिले ठणकतात असे सांगणाऱ्या माणसाला, रात्री झोप कुठे आणि कशी लागते, हे विचारण्याचा शिरस्ता मी तेव्हापासून कधी मोडलेला नाही.

गार्ड करण्याची रीत सांगायला सोपी आहे. अल्जिनेटची भुकटी पाण्यात कालवून, ट्रेमध्ये भरून दातांचा ठसा घ्यायचा, त्यात डेंटल स्टोन ओतून नमुना करायचा आणि नमुन्यावर ॲक्रिलिकचे आवरण घडवायचे. हे अल्जिनेट निघते समुद्रातल्या तपकिरी शेवाळापासून, आणि त्याचा स्वभाव मोठा उतावळा असतो. वैशाखातल्या नळाच्या कोमट पाण्यात ते तोंडात नेईपर्यंतच घट्ट होऊ लागते, म्हणून त्या दिवसांत मी माठातले पाणी वापरतो. ठसा तसाच ठेवला तर पाणी सुटून आकसतो. तेव्हा तो भिजल्या फडक्यात गुंडाळून मुंबईच्या लॅबकडे गाडीने रवाना करण्यापेक्षा, नमुना येथेच ओतून मग पाठविणे हिताचे.

खरे कसब मात्र गार्ड तयार होऊन आल्यावरच लागते. दाढांपाशी दोनतीन मिलिमीटर जाडीचे ते पारदर्शक आवरण दातांवर चढवून, मध्ये निळा कागद धरून रुग्णाला चावायला सांगावे. जेथे ठिपका गडद उमटेल तेथे किंचित घासावे, पुन्हा कागद, पुन्हा घासणे, असे करीत दोन्ही बाजूंच्या दाढांचे ठिपके सारख्या वजनाने उमटू लागले आणि जबडा बाजूला सरकताना भार सुळ्यांनी पेलला, म्हणजे काम झाले. या घासण्यात घाई केली तर एकाच दाढेवर सारा भार पडून जबड्याचा सांधा दुखू लागतो, आणि रुग्ण ते गार्ड डबीत ठेवतो ते कायमचे. उकळत्या पाण्यात मऊ करून स्वतःच चावून बसविण्याची तयार गार्ड बाजारात मिळतात. ती थोडे दिवस भागवितात, परंतु त्यांच्या मऊपणामुळे काहींचा जबडा उलट अधिकच चावू लागतो.

गार्डाने दात खाण्याची सवय सुटत नाही, हे मी पैसे घेण्यापूर्वीच सांगतो. ज्याला रोज संध्याकाळी ताडी लागते त्याने ती कमी करावी. जो घोरतो आणि मध्येच श्वास अडून दचकतो, त्याने आधी झोपेची तपासणी करून घ्यावी. दिवसा ओठ मिटलेले परंतु दात सुटे ठेवण्याची सवय मात्र सर्वांनीच लावावी. तिला खर्च नाही.

वर्षभर वापरलेले गार्ड उजेडात धरले की त्यावरच्या चऱ्यांवरून जबडा कोणत्या बाजूला ओढतो आणि भार कोठे बसतो ते स्पष्ट दिसते; कधी दाढेच्या जागी आरपार भोक पडलेले असते. ते पाहून रुग्ण ओशाळतो, पण ओशाळण्याचे कारण नाही. ते भोक दाताला पडले नाही, एवढाच त्याचा अर्थ. अडचण निराळीच आहे, ती गार्ड वेळोवेळी आणून दाखविण्याची. आमच्या भागातील कितीतरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर कामाला निघून जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. त्यांना मी पुढची तारीख देत नाही, गावी परतताच गार्डासकट येऊन जा, एवढेच सांगतो.

तेव्हा घरातल्या कोणी तुमच्या दातांच्या आवाजाची तक्रार केली तर ती हसण्यावारी नेऊ नका, आणि गार्ड करून घेतलेत तर ते गार पाण्याने धुवा, उन्हात किंवा गरम पाण्यात टाकू नका, आणि झिजले की नवे करून घ्या.