वावडे

‘वावडे’ हा शब्द आम्ही मराठी माणसे फार सैल हाताने वापरतो. कुणाला शिस्तीचे वावडे असते, कुणाला पाहुण्यांचे, तर कचेरीतल्या एखाद्या साहेबांना हसण्याचे. आम्हीही तो असाच वापरीत आलो होतो. त्याचा खरा अर्थ आम्हांला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी कोलकात्यात, फोर्ट विल्यमच्या तटाआड कळला.

आमचा जन्म विजयदुर्गच्या खाडीकाठचा. कोळंबीचे कालवण, वांग्यातले सोडे, पेजेबरोबर जवळ्याची चटणी यांवर आमचा पिंड पोसलेला. नोकरीने बंगालात आणून टाकले तेव्हा आम्ही मनातून खूषच होतो. मोहन बागान जिंकले की कोळंबी आणि ईस्ट बेंगॉल जिंकले की इलिश खाऊन आनंद साजरा करणाऱ्या गावात परकेपणा कसला? त्यातच, या किल्ल्याचे नाव आमच्या विजयदुर्गावरून ठेवल्याचे २०२५ च्या आरंभी जाहीर झाले. लोक जुन्या सवयीने फोर्ट विल्यमच म्हणतात, ते असो; आम्हांला मात्र बदलीच्या गावी घरचे माणूस भेटल्यासारखे वाटले.

पहिली सूचना मिळाली ती ओठांना. एका बंगाली स्नेह्यांकडे नारळाच्या दुधातली कोळंबी खाऊन उठलो, तो ओठांना मुंग्या आल्या. आम्ही दोष मोहरीला दिला. महिन्याभराने अंगभर गांधी उठल्या. ‘पित्त उठले,’ असे म्हणून सौभाग्यवतींनी आमसुलाचे पाणी लावले. तासाभरात गांधी मावळल्या आणि आमची शंकाही मावळली.

तिसऱ्या वेळी किल्ल्यातच एका सहकाऱ्यांच्या निरोपाची मेजवानी होती. यजमानीणबाईंनी स्वतः वाढले. नको म्हणावेसे वाटत होते. पण भीड आडवी आली. दोनच कोळंब्या खाल्ल्या. पाव तासाच्या आत आवाज घोगरा झाला, श्वास अडकू लागला, डोळ्यांपुढे अंधारी आली. पाहुण्यांत एक तरुण डॉक्टर होते, त्यांच्या गाडीत औषधांची पेटी होती, हे आमचे पूर्वसंचित. त्यांनी आम्हांला आडवे करून पाय उंच केले आणि मांडीत ॲड्रेनॅलिनची सुई टोचली. रात्र इस्पितळात गेली. ‘याआधी कधी काही झाले होते?’ असे त्यांनी विचारले, तेव्हा आम्ही ओठांची आणि पित्ताची हकीकत सांगितली. ते काही बोलले नाहीत. कागदावर लिहून घेतले. त्यांचे ते न बोलणे आम्हांला फार लागले.

उभा जन्म जे खाल्ले ते एकाएकी वैरी कसे व्हावे? पुढे वाचत गेलो तेव्हा कळले की आम्ही काही जगावेगळे नव्हतो. अमेरिकेत चाळीस हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी झाली. ती २०१९ साली प्रसिद्ध झाली. ज्यांना अन्नाचे वावडे होते, त्यांपैकी जवळजवळ निम्म्यांचे निदान एक तरी वावडे प्रौढपणी सुरू झालेले होते. वावड्याच्या पदार्थांत पहिला क्रमांक कोळंबी-खेकड्यांच्या वर्गाचा. शरीर एखाद्या निरुपद्रवी प्रथिनाला शत्रू समजते आणि त्याच्याविरुद्ध आयजीई नावाचे प्रतिपिंड बनवून ठेवते. हे प्रतिपिंड १९६६ साली इशिझाका या जपानी दांपत्याने ओळखले. कोळंबीतले ते प्रथिन म्हणजे ट्रोपोमायोसिन. १९९३ साली ते ओळखणाऱ्यांत बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले संशोधक होते. कितीही शिजवा, ते नष्ट होत नाही. त्याच्यासारखेच प्रथिन झुरळांत आणि घरच्या धुळीतल्या सूक्ष्म किड्यांतही असते. ‘चिंगडी म्हणजे मासा नव्हे, किडा,’ असे आमचे बंगाली शेजारी थट्टेने म्हणतात. शास्त्र त्यांच्याच बाजूचे निघाले.

इस्पितळातून परतल्यावर आम्हांला या शहराच्या जुन्या खंदकाची आठवण होत राहिली. १७४२ साली मराठ्यांच्या धास्तीने कलकत्तेकरांनी गावाभोवती खंदक खणायला घेतला. सात मैलांचा बेत. तीनेक मैल खणून झाला. बंगालच्या खेड्यापाड्यांनी बर्ग्यांचा जुलूम सोसला, तेव्हा ती धास्ती खोटी नव्हती. परंतु कलकत्त्यावर मराठे आलेच नाहीत, आणि पुढे तो खंदक बुजवून त्यावर रस्ता झाला. आमच्या देहानेही असाच, न येणाऱ्या शत्रूसाठी, खंदक खणला होता. फरक एवढाच की हा खंदक सहसा बुजत नाही. प्रौढपणी जडलेले कोळंबीचे वावडे बहुधा जन्मभराचे असते.

आता आम्ही जेवायला बसण्याआधीच सांगतो. येथे ते फार जरूरीचे आहे. कारण दुधीच्या, केळफुलाच्या, कोवळ्या फणसाच्या भाजीतही बारीक कोळंबी घालतात, आणि ज्या तेलात कोळंबी तळली त्यातच वांग्याची भजीही निघतात. ॲड्रेनॅलिन आणि डॉक्टरांची चिठ्ठी आता आमच्या पिशवीत असते. खाज थांबवणारी गोळी मिटलेला घसा उघडीत नाही, हे घरातही सर्वांना ठाऊक झाले आहे.

आम्हां बदलीवाल्यांचे आयुष्य परक्यांच्या पानावर निभावते. वाढलेले टाकू नये, यजमानाला दुखवू नये, हा आमचा धर्मच होऊन बसतो. पण भीड ही भिकेची बहीण म्हणतात. आमच्या बाबतीत ती मृत्यूचीही बहीण होऊ पाहत होती. खरे सांगितल्यावर एकही यजमान आजवर रागावला नाही. मेजवानीच्या त्या बाई मात्र, आपल्या हातून एवढे घडले म्हणून, कित्येक दिवस हळहळत होत्या. त्यांना दुखवू नये म्हणून आम्ही गप्प बसलो, आणि त्याच गप्प बसण्याने त्यांना सर्वांत जास्त दुखवले.

आईला हे सांगणे सर्वांत अवघड होते. ‘समुद्राकाठच्या पोराला कसले वावडे?’ असे ती फोनवर म्हणाली होती. गेल्या मे महिन्यात गावी गेलो, तेव्हा सोड्यांची बरणी शेजारी गेलेली होती आणि फळीवर नवी दोन पातेली मांडलेली होती. आम्ही संकोचलो, तशी म्हणाली, ‘देवाच्या नैवेद्याची भांडी वेगळी ठेवतोच ना आपण? तशी ही तुझी.’