आजीची कॅसेट आणि आमचा वाढपी

आमच्या नांदेडच्या घरात माळ्यावर बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे. त्यात बिस्किटं कधी होती हे मला आठवत नाही. त्यात होत्या कॅसेटी. मुलांनो, तुमच्यातल्या कित्येकांनी कॅसेट पाहिलीही नसेल. तळहाताएवढी प्लॅस्टिकची डबी, आत तपकिरी फीत, आणि फीत ढिली झाली की भोकात पेन्सिल घालून ती गुंडाळायची!

गेल्या श्रावणात माझी लेक शाळेच्या प्रकल्पासाठी मोबाइलवर जात्यावरच्या ओव्या ऐकत बसली होती. हेमा राईरकर आणि गी पॉयट्वाँ या दोघांनी सहकाऱ्यांच्या मदतीनं महाराष्ट्रातल्या हजारावर खेड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आज 'परी' नावाच्या संग्रहात त्या कुणालाही मिळतात. लेकीनं लावली होती ती परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगुबाई अंबोरे यांची ओवी. आई आत कणीक मळत होती. तिचे हात थांबले. म्हणाली, "अरे, आपल्या आजीची कॅसेट हाय की माळ्यावर. चालते का बघ बरं."

ही आजी म्हणजे आईची आई. किल्लारीजवळच्या एका खेड्यात राहायची. १९९१ च्या दिवाळीत मामानं टेपरेकॉर्डर नेऊन जात्यापाशी ठेवला आणि तिच्या ओव्या भरून घेतल्या. मी तेव्हा तिसरीत होतो. मध्येच खोकलो म्हणून मामाचा धपाटाही खाल्ला होता. ती कॅसेट आईनं ऐकायला म्हणून नांदेडला आणली आणि परत केलीच नाही. मामा पुष्कळ दिवस रुसून होता.

मग ३० सप्टेंबर १९९३ उजाडला. उजाडला तरी कसं म्हणायचं? गणपती विसर्जनाची रात्र सरत होती. पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं झाली होती. लोक दमून झोपले होते, आणि दगडमातीच्या जाडजूड भिंती झोपेतच अंगावर आल्या. त्या भूकंपात जवळपास आठ हजार माणसं गेली. आजी त्यातच गेली. तिची ट्रंक, ट्रंकेतले फोटो, सगळं ढिगाऱ्याखाली. तिचा आवाज तेवढा उरला, कारण तो दुसऱ्या गावात, आमच्या माळ्यावर होता.

हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं. नाही आलं. त्याचीच ही गोष्ट.

कॅसेट चालली! आवाज थोडा खरखरत होता, पण चालली. टेपरेकॉर्डरच्या कानात घालायच्या भोकातून एक वायर काढून कॉम्प्युटरला जोडली आणि 'ऑडॅसिटी' नावाच्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅमवर ओव्या उतरवून घेतल्या. यात घाई चालत नाही हं. साठ मिनिटांची कॅसेट उतरवायला साठ मिनिटंच लागतात. एका मिनिटाला सुमारे १० एमबी, म्हणजे पूर्ण कॅसेटीला सहाशेच्या वर.

लेक म्हणाली, "बाबा, हे तुमच्या मोबाइलवर नका ठेवू. तुमचा मोबाइल दर वर्षी फुटतो. आपण घरातच सर्व्हर करू."

सर्व्हर! मला वाटलं, हे बँकेत नाहीतर रेल्वेत असतं. तिनं समजावलं ते असं. लग्नातली पंगत आठवा. भात-वरण कोठीघरात असतं, पानं मांडवात असतात, आणि मधे धावतो तो वाढपी. सर्व्हर म्हणजे वाढपी. हार्ड डिस्क हे त्याचं कोठीघर. घरातला टीव्ही, मोबाइल, लॅपटॉप ही पंगत. ज्याला जे हवं ते त्यानं मागायचं, वाढपी वाय-फायवरून आणून वाढणार. म्हणजे आई टीव्हीवर फोटो बघतेय आणि लेक मोबाइलवर गाणी ऐकतेय, एकाच वेळी.

त्यासाठी महागडं यंत्र लागत नाही. अडगळीत पडलेला जुना कॉम्प्युटर होता, मेमरी ४ जीबी. त्याला दोन नव्या डिस्क घेतल्या, प्रत्येकी २ टेराबाइटच्या. (१९५६ साली आयबीएम कंपनीनं पहिली हार्ड डिस्क असलेलं यंत्र बनवलं, तेव्हा त्या कपाटाएवढ्या धुडाचं वजन टनाच्या आसपास होतं आणि त्यात मावत होतं जेमतेम ५ एमबी. आज मोबाइलवर काढलेला एक फोटोच तेवढा होतो!) पेन ड्राइव्हवर 'ओपनमीडियाव्हॉल्ट' घातलं, वर 'जेलीफिन'. दोन्ही फुकट आणि कायदेशीर. पहिलं कोठी सांभाळतं, दुसरं वाढतं.

पहिला आठवडा नुसता फजितीचा. रोज सकाळी टीव्ही म्हणायचा, सर्व्हर सापडत नाही. शोधून शोधून थकलो. झालं होतं असं, की वाय-फायचा राउटर घरातल्या प्रत्येक यंत्राला एक नंबर देतो, तो त्या यंत्राचा पत्ता. आमचा वाढपी रात्री बंद व्हायचा आणि सकाळी त्याला नवा पत्ता मिळायचा. मग टीव्ही बिचारा जुन्याच पत्त्यावर जाऊन दार वाजवत बसणार. राउटरमध्ये त्याचा नंबर कायमचा बांधून दिला, प्रश्न मिटला. रात्री बंद का, तर आईमुळे. ५० वॅटचं यंत्र चोवीस तास चाललं की महिन्याला ३६ युनिट होतात, हा हिशेब तिनं पाटीवर मांडला असता तरी मी हरलो असतो. लाइट जाण्याची भीती होती, म्हणून एक यूपीएसही घेतला. डिस्क फिरत असताना वीज गेलेली बरी नव्हे.

आता माझा मूर्खपणा ऐका. दोन डिस्क मी 'आरशा'च्या पद्धतीनं जोडल्या होत्या. एकीवर जे लिहिलं जाईल ते त्याच क्षणी दुसरीवरही. एक डिस्क बिघडली तरी दुसरी आहेच. मी खूश! ऐटीत सगळ्यांना सांगत सुटलो, आता आजीला कुणी हात लावू शकत नाही.

एका रविवारी साफसफाई काढली. 'नवीन', 'नवीन १', 'आजी जुने', 'आजी' अशी फोल्डरं झाली होती. जुनं म्हणून पुसलं आणि लक्षात आलं, 'आजी' रिकामं होतं. ओव्या 'आजी जुने'तच होत्या.

"अगं, दुसऱ्या डिस्कवर बघ," मी ओरडलो. लेक शांतपणे म्हणाली, "बाबा, आरसा आहे तो. कपाळावरचं कुंकू पुसलं की आरशातलंही जातं."

खरंच की! आरसा म्हणजे प्रत नव्हे. डिस्क मोडली तर आरसा वाचवतो, माणसाची चूक मात्र तोही इमानानं करतो. पुसलेलं परत आणणारे प्रोग्रॅम दोन संध्याकाळी चालवून पाहिले. पण पुसल्यावर मी त्याच जागेत लग्नाच्या व्हिडिओ भरल्या होत्या. काही हाती आलं नाही. आई काही बोलली नाही, आणि तेच फार लागलं.

कॅसेट अजून होती, म्हणून निभावलं. पुन्हा लावली. पहिली बाजू नीट वाजली. दुसऱ्या बाजूला मध्येच आवाज जाडा झाला, घोगरा झाला आणि थांबला. टेपरेकॉर्डरनं फीत खाल्ली होती! झाकण उघडून बोटांनी अलगद सोडवली, तरी हातभर फीत चुरगळून तुटली ती तुटलीच. कात्रीनं चुरगळलेला भाग कापला आणि टोकं चिकटवली. कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर पळते. गेली ती सुमारे ४५ सेंटिमीटर. भागाकार तुम्हीच करा. नऊ-साडेनऊ सेकंद. एक ओवी.

या वेळी ओव्या उतरल्याबरोबर तीन ठिकाणी ठेवल्या. एक प्रत सर्व्हरवर. एक वेगळ्या डिस्कवर, जी महिन्यातून एकदाच जोडायची आणि एरवी कपाटात ठेवायची, म्हणजे माझ्या साफसफाईचा हात तिला लागणार नाही. आणि तिसरी? लेक म्हणाली, "आपल्या घराला आग लागली तर?" मला किल्लारी आठवली.

तिसरी डिस्क टॉवेलात गुंडाळून एसटीनं लातूरला निघालो. लोहा, अहमदपूर, चाकूर. सगळा रस्ता ती पिशवी मांडीवर. लातूरला गंजगोलाईच्या मागे मावशी राहते, आईची थोरली बहीण. मावसभावानं, दादानं, डिस्क लॅपटॉपला लावली. मावशी खाटेवर बसली होती. जात्याची घरघर सुरू झाली, आजी गायला लागली, आणि मावशी म्हणाली, "माय हाय ही. माझी माय."

मग गप्प बसून ऐकत राहिली. मध्येच माझा तो खोकला आला, तेव्हा हसलीही. दुसऱ्या बाजूला ती तुटकी जागा आली. एक ओवी संपली आणि पुढची अर्ध्यातून सुरू झाली. मी कारण सांगायला तोंड उघडणार, एवढ्यात मावशी चिडून म्हणाली, "हितं एक गाळलास की रे!" आणि हात गोल फिरवत, जातं ओढल्यासारखा, ती ओवी तिनं म्हणून टाकली. तिला ती पाठ होती.

मी मोबाइल काढला. "मावशी, पुन्हा एकदा."

"आता का? तवा काय करायलास?" असं म्हणत तिनं ती पुन्हा म्हटली.

ती फाइल मी आजीच्या ओव्यांमध्ये जोडली नाही. आई नको म्हणाली. तुटकी जागा तुटकीच आहे, आणि मावशीची ओवी शेजारी, वेगळ्या नावानं. डिस्क मावशीच्या लाकडी कपाटात, लुगड्यांच्या खाली ठेवली आहे. दिवाळीला ती नांदेडला येईल, नवं काही भरून घ्यायला, आणि मग परत लातूरला जाईल. दादा म्हणतो, त्यांच्याकडेही माळ्यावर एक डबा आहे.