उलटा बाण

गेल्या पावसाळ्यांत शास्त्रशिक्षक रजेवर असतां त्यांचा दहावीचा एक तास आमच्या वांट्यास आला. आमचा विषय मराठी. तथापि पुस्तक हातीं असल्यावर भय कसलें, असें समजून आम्हीं फळ्यावर डीएनए, त्यापुढें आरएनए व त्यापुढें प्रथिन, अशीं तीन नांवें बाणांनीं जोडून लिहिलीं. मागच्या बांकावरून एका मुलानें विचारलें, "सर, हा बाण उलटा जात नाहीं का?" आम्हीं "नाहीं" म्हणून त्यास खालीं बसविलें. आमच्या स्वरांत खात्रीपेक्षां दरारा अधिक होता, हें येथें कबूल करणें बरें.

सायंकाळीं वाचीत असतां हॉवर्ड टेमिन या अमेरिकन शास्त्रज्ञाची हकीकत सांपडली. पेटन राउस यांनीं १९११ सालीं दाखविलेला, कोंबड्यांस कर्करोगाची गांठ आणणारा विषाणु हा टेमिन यांच्या अभ्यासाचा विषय. त्या विषाणूचा वारसा आरएनएचा, डीएनएचा नव्हे. असें असूनही त्याची बाधा झालेली पेशी कायमची पालटते, व तिच्यापासून झालेल्या पेशीही तशाच निपजतात. पाहुणा म्हणून आलेल्यानें घरच्या वंशावळींत आपलें नांव लिहावें कसें? शिवाय डीएनएवरून आरएनए होण्याचें काम बंद पाडणारें औषध दिलें असतां या विषाणूची वाढही थांबे. तेव्हां तो आपल्या आरएनएवरून डीएनए घडवून तो पेशीच्या डीएनएंत मिसळीत असला पाहिजे, असें मत टेमिन यांनीं १९६४ सालीं मांडिलें. तें फारसें कोणास पटलें नाहीं. म्हणजे चुकणारे आम्ही एकटेच नव्हतों, एवढेंच आमचें समाधान!

विस्कॉन्सिन विद्यापीठांत ते आपल्या मताला धरून राहिले. अखेर १९७० सालीं सातोशी मिझुतानी या सहकाऱ्यासह त्यांनीं ही उलटी नक्कल करणारें विकर खुद्द विषाणूच्या कणांतच दाखविलें. त्याच वेळीं मॅसॅच्युसेट्स येथें डेव्हिड बाल्टिमोर यांनीं तेंच स्वतंत्रपणें शोधिलें. या दोघांस रेनाटो डल्बेको यांच्यासह १९७५ चें नोबेल पारितोषिक मिळालें. पुढें एड्सचा विषाणुही याच वाटेनें जातो असें आढळलें. १९८७ सालीं अमेरिकेंत मान्यता पावलेलें त्यावरील पहिलें औषध याच विकरास अडवितें. नोबेलच्या मेजवानींत धूम्रपानाविरुद्ध बोललेले, स्वतः कधीं धूम्रपान न केलेले टेमिन १९९४ सालीं फुफ्फुसाच्या कर्करोगानेंच वारले. हें वाचून आम्ही बराच वेळ पुस्तक मिटून बसलों.

दुसऱ्या दिवशीं वर्गांत जाऊन आम्हीं आमची चूक सांगितली व त्या मुलाच्या हातीं खडू दिला. त्यानें उलटा बाण काढिला, क्षणभर थांबला आणि म्हणाला, "सर, मग प्रथिनापासून आरएनए?"

या खेपेस आम्हीं "वाचून सांगतों" असें म्हटलें.