माऊस मुलांच्याच हातात

संगणकाचा तास असला की मी दोन्ही हात पाठीमागे बांधून फिरते. मूल अडलं की शिक्षकाचा हात आपसूक माऊसकडे जातो. एकदा तो गेला की गणित आपण सोडवतो, आणि मूल मान डोलावून ‘कळलं बाई’ म्हणतं.

आमच्याकडे यंत्रं थोडी, म्हणून एकेकावर दोघं बसतात. त्यातल्या हुशार म्हणून नावाजलेल्याला मी आधी माऊस देत नाही. त्यानं सांगायचं, दुसऱ्यानं करायचं. सांगताना स्वतःचा विचार धड शब्दांत मांडावा लागतो, आणि तिथं भल्याभल्यांची तारांबळ उडते.

काम चालतं स्क्रॅच या मुलांच्या प्रोग्रॅमिंग भाषेत. एमआयटी मीडिया लॅबनं ते 2007 मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. फुकट आहे, एकदा उतरवून घेतलं की इंटरनेट लागत नाही. (आमच्या गावात हे दुसरं सर्वांत मोलाचं.) पेन जोडलं की पडद्यावरचं मांजर चालेल तिथं रेघ उमटते. चौरस सगळ्यांना जमतो: शंभर पावलं चाल, 90 अंशांत वळ, असं चारदा. मग मी समभुज त्रिकोण काढायला सांगते.

त्रिकोणाचा कोन 60 अंशांचा, हे सगळ्यांना पाठ. त्यामुळे जवळजवळ प्रत्येक जोडी 60 टाकते आणि पडद्यावर त्रिकोणाऐवजी उघडीच आकृती येते. जीभ आवरायची ती इथं. ‘120 टाका’ एवढं बोललं की तास संपला. संगणक मात्र रागावत नाही, शेराही मारत नाही. सांगितलं तेवढं करून दाखवतो. कुणी तीनऐवजी सहा वेळा करतं आणि षटकोन निघाल्यावर त्रिकोण विसरून त्यातच रमतं. रमू द्यावं. शेवटी कुणीतरी उठून फरशीवर मांजर होऊन चालू लागतं, आणि कोपऱ्यावर आल्यावर त्याला कळतं की अंग वळतं ते आतल्या कोनात नाही, बाहेरच्या. सेमूर पॅपर्ट यांनी ‘माइंडस्टॉर्म्स’ या 1980 च्या पुस्तकात लोगो भाषेतल्या कासवाबद्दल हेच सुचवलं होतं: कासव व्हा आणि चालून बघा.

सुगत मित्रांनी 1999 मध्ये दिल्लीच्या कालकाजीत भिंतीत संगणक बसवला आणि वस्तीतली मुलं तो आपापली चालवू लागली. शिक्षक नकोतच, असं म्हणायला हा दाखला हमखास येतो. मला तो निम्मा पटतो. मोठ्यांनी बाजूला व्हावं, हे खरं. पण आकृती कोणती काढायची, हे नेमकं निवडून कुणीतरी पुढ्यात टाकावं लागतं. आणि प्रोजेक्टरवर धड्याची चित्रफीत लावून वर्ग गप्प बसवणं, याला मी संगणकावरचं शिकणं म्हणत नाही.

बिघडलेली फाइल पुसायची नाही, हा माझा एकच नियम. त्या फायली शेजारी शेजारी उघडल्या की 3 आणि 120, 4 आणि 90, 6 आणि 60 यांचा गुणाकार मुलंच ओळखतात. सात बाजूंना भाग जात नाही, तेव्हा एकीनं चौकटीत 360 भागिले 7 तसंच ठेवून दिलं आणि सप्तकोन मिटला. पाच टोकांच्या चांदणीला 144 लागतात, म्हणजे एकूण 720. मांजर दोनदा का गरगरलं, यावर जेवणाच्या सुट्टीत भांडण झालं. आता सात टोकांची चांदणी काढायचं त्यांनीच ठरवलंय. ती दोन तऱ्हांची निघते, हे मी अजून बोललेले नाही.