उतरलेला नव्हे, पारखून घेतलेला कॅमेरा

गेल्या पावसाळ्यात आमच्या चेंबूरच्या वस्तीतल्या एक आजी गेल्या. आयुष्यभर कचरा वेचून त्यांनी तीन मुले शिकवली. शोकसभेच्या फ्लेक्ससाठी फोटो शोधायला गेलो, तर घरात त्यांचा एकही धड फोटो नाही. शेवटी आधार कार्डावरचा फोटो मोठा करून छापला. डोळे विस्फारलेले, चेहरा काळवंडलेला. त्यांची नातच म्हणाली, "ही आजी नाहीच."

त्या रात्री विहारात आम्ही पाच जण बसलो होतो. समाजशास्त्र शिकताना पिएर बोर्द्यू यांचा फोटोग्राफीवरचा १९६५ चा अभ्यास वाचला होता. कुटुंब आपले सोहळे आणि आपले एकत्र असणे नोंदवण्यासाठी कॅमेरा वापरते, असे ते सांगतात. मग आमच्या घरांत कॅमेरा कधी आला? कार्डासाठी रांगेत उभे केले तेव्हा, नाहीतर अत्याचाराची बातमी झाली तेव्हा. दोन्ही वेळा कॅमेरा दुसऱ्याच्या हातात. सुधारक ओलवे यांनी काढलेले मुंबईच्या सफाई कामगारांचे फोटो आम्ही पाहिले होते. आपल्या माणसांकडे कोण आणि किती वेळ देऊन पाहते, यावर फोटो ठरतो, हे तिथेच कळले होते. वस्तीचा स्वतःचा कॅमेरा घ्यायचा, असे ठरले. घरोघरी फिरून वर्गणी जमली १८,५०० रुपये.

एवढ्यात नवा डीएसएलआर येत नाही. वापरलेला घ्यावा लागणार होता. हे विहारात सांगितले आणि पहिला विरोध आबांनी केला. आबा महापालिकेतून निवृत्त झालेले, चळवळीतले जुने कार्यकर्ते. ते म्हणाले, "पोरांनो, १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी उष्टं-शिळं सोडायला सांगितलं. आमच्या आईबापांनी उतरलेले कपडे घालणं सोडलं. आणि तुम्ही वर्गणी काढून दुसऱ्याचं उतरलेलं आणणार?"

आमच्याकडे तेव्हा उत्तर नव्हते. "बजेट नाही," एवढेच बोललो. बजेट हे कारण खरे होते, पण आबांच्या प्रश्नाचे ते उत्तर नव्हते.

दुसरा प्रश्न तरुणांचा: मोबाइल असताना कॅमेरा कशाला? हा प्रश्न रास्त आहे. उन्हातल्या मोर्चाचा फोटो मोबाइल उत्तम काढतो. पण संध्याकाळी विहारातल्या ट्यूबलाइटखाली, दहा बाय बाराच्या खोलीत बसलेल्या म्हातारीचा चेहरा भिंतीवर लावण्याएवढा मोठा छापायचा असेल, तर मोठा सेन्सर आणि भरपूर प्रकाश आत घेणारी लेन्स लागते. आम्हाला नेमके तेच हवे होते. ज्याला ते नको, त्याने कॅमेऱ्यावर पैसे घालू नयेत.

यानंतर आम्ही जी चूक केली, ती लपवणार नाही. मोबाइलवर एक जाहिरात दिसली. जुना कॅमेरा, किट लेन्ससकट, ९,००० रुपये. विकणारा स्टेशनबाहेर भेटला. कॅमेरा चकचकीत, पट्टा नवा. त्याने दोन फोटो काढून दाखवले, "घरीच असायचा, फारसा वापरला नाही," म्हणाला. आम्ही पैसे मोजले. आठवडाभरात लक्षात आले की उजेडासमोरचा प्रत्येक फोटो धुरकट येतो. लेन्सच्या आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे होते. बुरशी. तीन आठवड्यांनी शटर अडकले ते कायमचे. सुट्या भागांसाठी विकला तेव्हा २,५०० आले. लोकांचे ६,५०० रुपये बुडाले.

फसवणाऱ्याचा दोष होताच. पण आमचाही होता. रोज विहारात कालाम सुत्त सांगणारे आम्ही: ऐकीव आहे म्हणून मानू नका, सांगणारा मोठा आहे म्हणून मानू नका, स्वतः तपासा. आणि स्टेशनबाहेर एका अनोळखी माणसाच्या एका वाक्यावर विसंबलो! पाच जणांनी प्रत्येकी १,३०० रुपये घालून खड्डा भरला, आणि हिशोब विहाराच्या फलकावर लावला. बुडालेल्या रकमेसकट.

मग दोन महिने फक्त शिकलो. जे शिकलो ते इथे मांडतो, कारण हे ज्ञान दुकानदाराकडेच राहिले तर गिऱ्हाईक कायम अडाणी राहते.

पहिली गोष्ट, शटर. डीएसएलआरचे शटर झिजते. सुरुवातीच्या वर्गातल्या कॅमेऱ्यांचे शटर साधारण एक लाख फोटोंपर्यंत धरून चालतात. त्याआधी बिघडू शकते, नंतरही चालू शकते. निकॉन आजवर किती फोटो निघाले तो आकडा प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये लिहून ठेवतो. त्यासाठी समोर फोटो काढून कार्डावरची मूळ फाइल घ्यायची. व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोत ती माहिती उरत नाही. कॅननच्या या वर्गात आकडा फाइलमध्ये मिळत नाही, कॅमेरा संगणकाला जोडून पाहावा लागतो.

दुसरी, लेन्स. मोबाइलचा टॉर्च लेन्सच्या एका बाजूने मारायचा आणि दुसऱ्या बाजूने पाहायचे. धूळ थोडी असतेच, ती चालते. धागे किंवा दुधाळ डाग दिसले की उठून यायचे. मुंबई-कोकणच्या दमट हवेत बुरशी हा पहिला शत्रू आहे.

तिसरी, सेन्सर. छिद्र एफ/१६ वर ठेवून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढायचा. सेन्सरवरची घाण काळ्या ठिपक्यांसारखी उमटते. बाहेरची धूळ साफ होते, ओरखडा साफ होत नाही. शिवाय बॅटरी मूळ कंपनीची आहे का, फ्लॅश उघडतो का, प्रत्येक बटण चालते का, हेही पाहायचे.

मॉडेलच्या बाबतीत पहिल्यांदा आम्हीही मेगापिक्सेल मोजत बसलो होतो. मग कामाची यादी केली आणि प्रश्न सोपा झाला. शेवटी दोनच उरले: कॅनन १३००डी आणि निकॉन डी३२००. कॅननमध्ये वाय-फाय आहे, फोटो लगेच मोबाइलवर घेता येतो. डी३२०० हा २०१२ चा, वाय-फाय नसलेला. पण त्यात बाहेरचा माइक जोडायची सोय आहे आणि १३००डी मध्ये ती नाही. म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी ध्वनीसह नोंदवायच्या होत्या. त्यामुळे आमच्यापुरते उत्तर डी३२००. गंमत म्हणजे निकॉनने पुढच्या डी३४०० आणि डी३५०० मधून माइकची सोय काढून टाकली. नवे ते चांगलेच असे नसते.

एक खड्डा मात्र डी३२०० मध्येही आहे. लेन्स फोकस करणारी मोटर या वर्गाच्या निकॉन बॉडीत नसते. जुनी ५० मिमी एफ/१.८डी स्वस्तात मिळते, पण या कॅमेऱ्यावर तिचा ऑटोफोकस चालत नाही. 'एएफ-एस' लिहिलेली लेन्सच पाहायची. आम्ही ३५ मिमी एफ/१.८जी निवडली, कारण आमच्या खोल्या लहान आणि ५० मिमीत चेहरा फारच जवळ येतो. किट लेन्सपेक्षा ती सहा-सातपट प्रकाश आत घेते. नवशिक्यांना आमचे सांगणे हेच: पैसे बॉडीत कमी घाला, लेन्समध्ये जास्त.

फोर्टातल्या बोरा बाजारात एका दुकानात तासभर बसून आम्ही हे सगळे तपासले. पहिल्या दुकानदाराने टॉर्च पाहून तोंड वाकडे केले, तिथून उठलो. दुसऱ्याने स्वतःच कार्ड पुढे केले. आकडा निघाला २१,०००. किट लेन्ससकट कॅमेरा १२,५०० आणि ३५ मिमी ६,०००. पावती आणि महिनाभराची हमी लिहून घेतली.

आबांना पावती दाखवली तेव्हा त्यांच्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला सापडले होते. उतरण कोणी तरी देतो. घेणाऱ्याला ती उलटून पाहायची मुभा नसते. दोष दिसला तरी उपकार मानावे लागतात. आम्ही दुकानात बसून दोष शोधले, नको ते नाकारले, दाम मोजून पावती घेतली. वस्तू जुनी आहे, व्यवहार बरोबरीचा आहे. महाडचा मुद्दा माणसाच्या मानाचा होता. पहिल्या वेळी न तपासता घेतलेला कॅमेरा मात्र खरोखर उतरण होता, आणि तिथे आबा बरोबर होते. हे आम्ही त्यांना सांगितले.

आबा बोलले नाहीत. कॅमेरा हातात घेऊन त्यांनी उलटसुलट पाहिला, लेन्सवर स्वतः टॉर्च मारला.

आता कॅमेरा हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत राहतो. कातडी पिशवीत ठेवत नाही, ती ओल धरते. डब्याची किल्ली दर महिन्याला वेगळ्या घरी, आणि त्यातली दोन घरे मुलींची असावीत असा नियम आहे. साठीपुढच्या प्रत्येक माणसाचा एक फोटो काढून, छापून, त्याच्याच घरी द्यायचा हे पहिले काम. सत्तावन्न झाले. रेशनच्या रांगेतल्यासारखे ताठ बसू नका, हे प्रत्येकाला सांगावे लागते. आजीच्या मुलीचाही फोटो काढला. ती हसली तेव्हा आजी कशा दिसत असतील ते कळले.

मित्रांनो, तुमच्या वस्तीतही कॅमेरा घ्या. नवा परवडला तर नवा, नाहीतर जुना. पण पारखून घ्या, हिशोब फलकावर लावा, फसलात तर तेही लिहा.

आबा हल्ली भेटले की एकच विचारतात, "आकडा किती झाला रे?" परवा सांगितले, तेवीस हजार चारशे. त्यांनी बोटांवर हिशोब केला. "म्हणजे शहात्तर हजार राहिले. पुढाऱ्यांवर उडवू नका. आधी आपल्या बाया होऊ देत."

जय भीम.